लेकीचे काका

"हे सगळं तुझ्या हातचं?" बाबांनी कुजबुजत विचारलं. एवढ्या मोठ्या, रिकाम्या दालनात मोठ्यानं बोलायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

"हो बाबा. पण जरा भरभर बघू या, हं?"

सोमवारी सकाळी गॅलरीत चिटपाखरू नसतं, म्हणून तिनं मुद्दाम ही वेळ काढली होती. उद्घाटनाला तिनं त्यांना आणलंच नव्हतं. गर्दीत त्रास होईल तुम्हाला, अशी थाप मारून वेळ मारून नेली होती.

भिंतींवर पुरुषभर उंचीची चित्रं होती. ना माणूस, ना झाड. नुसते निळ्याचे पट्टे, वर फिके, खाली उतरता उतरता गडद झालेले. बाबा एका चित्रासमोर थबकले आणि खुदकन हसले.

"दोरीवरचं ओलं कापड! आपल्या मागच्या अंगणातलं. आजोबा ओरडायचे बघ, नीट पिळा रे म्हणून."

याच पट्ट्यांनी या परक्या देशात तिचं नाव झालं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचे रंगारी आणि त्यांची ही चित्रकार लेक, ऐकणाऱ्याला भुरळच पडायची. त्यातला शेवटचा रंगारी धंदा बसल्यावर एका कपड्यांच्या दुकानाबाहेर वॉचमन म्हणून उभा राहिला, हे मात्र तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. वडील काय करतात, असं पहिल्यांदा कुणी विचारलं तेव्हा "ते आता नाहीत" असं ती बोलून गेली. पुढे तेच छापून येत राहिलं आणि तिनं ते येऊ दिलं.

"अगं, तू आज इथं कशी?" मागून आवाज आला. गॅलरीच्या मालकीणबाई होत्या. "आणि हे कोण?"

इथल्या भाषेत ती म्हणाली, "माझे काका."

बाबा इथं राहायला आल्यापासून महिनाभर तिच्या मुलीनं त्यांच्याकडून इथल्या भाषेतली नाती घोकून घेतली होती. आई, मामा, काका. बाबांनी लेकीकडे पाहिलं. ओठांवरचं हसू तसंच ठेवून त्यांनी आपल्या भाषेत विचारलं, "मग बाप कुठंय म्हणून सांगितलंयस?"

तिनं मान खाली घातली. बाई हसऱ्या चेहऱ्यानं आळीपाळीनं दोघांकडे बघत होत्या. बाबांना कळायचं ते कळलं. त्यांनी कॉलर सारखी केली आणि ते बाईंकडे वळले.

"सांग त्यांना, माझा भाऊ रंगाचा पक्का होता. आणि पोरीवर फार जीव होता त्याचा."

तिनं सांगितलं. सांगताना ती अडखळली, ती वडिलांच्या आठवणीनं, असं बाईंना वाटलं. त्यांनी बाबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि हळूच काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतायत?"

"तुमचे भाऊ गेल्याचं वाईट वाटतंय त्यांना."

"हं. फार मनाला लावून घेऊ नका म्हणावं."

परतताना बसमध्ये दोघं शेजारी बसली. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"कशानं गेलो मी?" त्यांनी विचारलं. शेजारच्या घरातल्या आजाऱ्याची चौकशी करावी तसा आवाज होता.

धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. "तापानं."

"फार दिवस पडून होतो?"

"नाही."

"मग बरं. तुझ्या आईला उस्तवार नाही करावी लागली."

"बाबा, मी उद्या जाऊन त्यांना खरं काय ते..."

"राहू दे गं. बरं चाललंय तुझं."

तिला हायसं वाटलं. आणि आपल्याला हायसं वाटलं, याचीच तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

घरी पोचल्यावर कुलूप काढून ती आत गेली. बाबा दारातच उभे राहून पायपुसण्यावर बूट घासत राहिले.

"बाबा, या ना आत."

ते घासतच होते.

"बाबा!"

त्यांनी दचकून वर पाहिलं.

"मला म्हणालीस होय?" असं म्हणत ते आत आले.