मापाशेजारची अक्षरं

टेलरबाईंच्या दुकानात भिंतभर खिळे होते आणि खिळ्यांवर कागद. गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं की त्याच्या मापाचा तपकिरी कागद कापून खिळ्याला टांगायचा, हा बाईंचा चाळीस वर्षांचा शिरस्ता. कागदावर मापाचे आकडे असत आणि आकड्यांशेजारी चार ओळी घरच्या भाषेत, त्या भाषेच्या वेगळ्याच लिपीत. त्या गावात ही भाषा बोलणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि लिहिणाऱ्या बाई एकट्याच. म्हणून अख्ख्या गावाची अंगं भिंतीवर टांगलेली असूनही कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

त्यात बाईंची लेक चिंगीही आली. चिंगी म्हणजे काही परकरी पोर नव्हे. पस्तिशी ओलांडलेली, कात्री चालवण्यात आईच्या वरचढ, आणि गावच्या भाषेत गिऱ्हाइकाला असं गुंडाळणारी की ते बिचारं एका झग्यासाठी येई नि तीन शिवायला टाकून जाई. घरची भाषाही ती घडाघडा बोले. आईशी भांडायला दुसरी भाषा तिला पुरतच नसे. वाचण्याच्या नावाने मात्र आनंद होता. लहानपणी दर रविवारी आई कटिंगच्या टेबलावर काळं कापड पसरून खडूने अक्षरं गिरवून घ्यायची. नवव्या वर्षी चिंगीने खडू फेकून दिला. "आपल्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा ही भाषा नाही! मग शिकायची कशाला?" आई फक्त "बरं" म्हणाली आणि तिने कापड झटकून ठेवलं.

आईची आणखी एक खोड होती. चिंगीने हौसेने तयार पँट विकत आणली, की ती आधी आईच्या मशीनखालून जायचीच. "हिला दुसऱ्याची शिवण बघवत नाही," असं चिंगी मैत्रिणींना सांगे आणि हसे.

या वर्षी बाईंच्या डोळ्याने दगा दिला. एक डोळा आधीपासून अधू, त्यात दुसऱ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस पट्टी, वर दिवसभर पालथं झोपायची शिक्षा. आणि नेमक्या त्याच आठवड्यात हेडबाईंचा फोन आला. शाळेतून निवृत्त होत होत्या. शुक्रवारी निरोपाचा समारंभ, मंचावर भाषण. बारा वर्षांपूर्वीच्या कोटासारखाच कोट हवा होता. "माझं माप तुमच्याकडे आहेच," त्या म्हणाल्या.

होतंच. कागदाला टाचणीने एक छोटी कापडी गादीही लावलेली होती. 'टाचण्या खोचायला बरी,' म्हणून चिंगीने ती मनगटावर बांधली, आकडे पाहिले आणि कोट शिवला. एका सुताचाही फरक नाही.

बुधवारी सकाळी हेडबाईंनी तो घातला मात्र, आणि चिंगीच्या तोंडचं पाणी पळालं. उजवी बाजू खाली खचली होती. काखेखाली चुण्या, कॉलर तिरपी. चिंगीने खेचून पाहिलं, झटकून पाहिलं, तरी कोट आपला हट्ट सोडीना. हेडबाई आरशात बघत राहिल्या. हजार मुलांना एका नजरेत गप्प करणारी ती बाई, पण तिचे डोळे खाली गेले.

"तुझ्या आईच्या कोटात मी अशी दिसत नसे," त्या हळूच म्हणाल्या. "राहू दे. जुनाच घालीन. बाहीला विरलाय, पण चालेल."

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा," चिंगी म्हणाली. कशाच्या जोरावर म्हणाली, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

ती कागद घेऊन मागच्या खोलीत धावली. आई खाटेवर पालथी, तोंड काठाबाहेर, जमिनीशी गप्पा मारल्यासारखी.

"आई, हेडबाईंच्या अंगात काय आहे ग?"

"काहीतरी आहे खरं. पण कुठल्या बाजूला, किती, ते कसं सांगू? सहाशे माणसं आहेत भिंतीवर. डोक्यात मावली असती तर कागद कशाला खराब केले असते? लिहिलंय की शेजारी. वाच."

चिंगीने कागद उलटसुलट करून पाहिला.

"हां," आई जमिनीला म्हणाली. "मला दिसत नाही, तुला वाचता येत नाही. दोघी मिळून एक धड माणूस होत नाही बघ."

"आई, टोमणे नंतर मार ना. शुक्रवारी ती बाई सगळ्या गावासमोर उभी राहणार आहे."

आईने खाटेवरून हात खाली सोडला आणि तळवा उघडला. "काढ इथे. जसं दिसतंय तसं."

चिंगी फरशीवर बसली. कागदावरचं पहिलं अक्षर बघून तिने बोटाने आईच्या तळव्यावर काढलं. सुईने निबर झालेला तो तळवा.

"गुदगुल्या नको करूस, दाबून काढ. हां. उ." मग पुढचं. "ज." मग "वा". "उजवा! पुढे चल."

पहिल्या ओळीला अर्धा तास लागला. दुसऱ्या ओळीत 'ख' आला, तेव्हा चिंगीचं बोट आईच्या आधी थांबलं. "हा ख आहे. काळ्या कापडावर तू काढायचीस, मी त्याला मिशा काढायचे." आईचं हसू पालथ्या पाठीवरून कळलं. शेवटच्या ओळीपर्यंत निम्मी अक्षरं चिंगीच आधी सांगत होती. सगळं जोडून असं झालं:

'उजवा खांदा बोटभर खाली. लहानपणी झाडावरून पडल्या. त्यांच्यापाशी विषय काढू नये. सोबतची गादी उजवीकडे अस्तरात घालावी. आरशापुढे डावी बाजू करून उभं करावं.'

"गादी?" चिंगीने मनगटाकडे पाहिलं. गादीत पंधरा टाचण्या खोचलेल्या होत्या.

"काय झालं?"

"काखेत कळसा," चिंगी म्हणाली. आई एवढी हसली की, पट्टी सुटेल म्हणून लेकीने तिला दटावलं.

गुरुवारी संध्याकाळी हेडबाई आल्या. चिंगीने त्यांना डावी बाजू आरशाकडे करून उभं केलं, कोट चढवला आणि तोंडातून शब्द काढला नाही. खांदे सरळ रेषेत होते. हेडबाईंनी हळूहळू सगळीकडून वळून पाहिलं, मान वर केली, आणि चिंगीचा हात धरून गावच्या भाषेत म्हणाल्या, "आईला सांग, बारा वर्षांत त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. तूही नाही विचारलंस."

त्या गेल्यावर चिंगी भिंतीपुढे उभी राहिली. आता तिला हावच सुटली होती. पोस्टमन: 'पोट सुटलंय, पण चार इंच कमीच सांगतो. हसू नये, सैल शिवावं.' डॉक्टरीणबाई: 'नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नाही. रंग त्यांनाच निवडू द्यावा, घाई करू नये.' एकेक अक्षर लावत, अडखळत ती कोपऱ्यातल्या खिळ्यापाशी आली. तिथे एकावर एक कितीतरी कागद होते, तळाशी बाहुलीएवढा फ्रॉक. चिंगीचेच. तळातला तिने काढला.

'डावा पाय अर्धं बोट आखूड. चालायला अडचण नाही, डॉक्टर म्हणाले. घेर डावीकडून तेवढाच वर घ्यावा. शाळेत कुणी हसायला नको. तिला आत्ता सांगू नये. मोठी झाली की आपलं आपण वाचेल.'

तिने पुन्हा वाचलं. मग स्वतःच्या पँटकडे पाहिलं. दोन्ही काठ फरशीपासून सारख्याच उंचीवर होते. पस्तीस वर्षांत तिला कुणी हसलं नव्हतं आणि त्याचं तिला कधी नवलही वाटलं नव्हतं. एवढी मोठी गोष्ट एका बाईने मशीनखालून मुकाट्याने सरकवत आणली होती, आणि जिच्यासाठी आणली ती मैत्रिणींना हसत सांगत होती.

ती आत गेली. आईने चाहूल ओळखली. "आवडला का कोट?"

चिंगी फरशीवर बसली, आईचा हात खाली ओढला आणि तळव्यावर दाबून तीन अक्षरं काढली. वा. च. लं.

आईने मूठ मिटली. "कुणाचं?"

"माझं."

आईने तळवा पुन्हा उघडला. मग मास्तरणीच्या जुन्या आवाजात तिने विचारलं, "खरंच वाचलंस? कुठला पाय?"

"डावा," चिंगी म्हणाली, आणि आईच्या तळव्यावर डोकं टेकून रडायला लागली.

"हां," आई म्हणाली. "लेकी, किती वर्षं वाट बघायला लावलीस ग."