हातातलं वजन

"काका, चार्जर आहे तो, कलिंगड नाही. डोळे मिटून काय बघताय?" दुकानातली मुलगी म्हणाली.

काका डोळे मिटूनच उभे राहिले. उजव्या तळहातावर एक चार्जर, डाव्यावर दुसरा. त्या चिंचोळ्या दुकानात मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती. पण ज्याने अठ्ठावीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात माल पास-नापास केला, तो माणूस खोळंबलेल्यांना भीक घालत नसतो. कारखान्यात त्यांना सगळे 'तराजू' म्हणत. कॉइलमध्ये तांब्याची तार जरा कमी भरली, की ह्यांच्या तळहाताला कळलंच. मालक म्हणायचे, काट्यात चूक निघेल, ह्याच्या हातात निघणार नाही. ह्या एका वाक्यावर काकांनी अख्खा जन्म काढला होता.

"हा," उजवा हात पुढे करून ते म्हणाले.

"तो नका घेऊ. लोक स्वस्तातला मागतात म्हणून ठेवते मी. तो हलका घ्या, चांगला आहे. गोल पिनचे आता दोनच उरलेत माझ्याकडे."

"पोरी, हलका म्हणजे आत काही नाही. नुसता डबा. तांब्याला वजन असतं."

"आता आतलं सगळं बदललंय काका."

"तांबंही बदललंय?"

मुलीने हात टेकले आणि जड चार्जर पिशवीत घालून दिला.

घराकडे जाताना काका मनाशी खूश होते, पण पाय भरभर उचलत होते. चार वाजायला आले होते. पाचला त्यांच्या लेकीचा फोन येई. तिकडे दूरच्या शहरात कामावरून सुटली की ती रोज आईशी बोले, आणि काकूंचा दिवस त्या पाचासाठीच उजाडे. काचबिंदूने काकूंची नजर गेली त्याला तीन वर्षं झाली होती. आता उजेड आणि अंधार एवढंच कळे. लेकीने पाठवलेला काचेचा फोन कपाटात पडून होता. त्याला बटणं नाहीत, आणि बटणांवाचून काकूंची बोटं काय करणार? हा जुना फोन त्यांना पाठ होता. त्याची बॅटरी सकाळपासून शेवटच्या रेघेवर होती.

जुना चार्जर त्यांच्याच कारखान्याचा. कारखाना बंद पडला तेव्हा शेवटच्या मालातला एकेक सगळ्यांना मिळाला. काकांनी ढिगातून नेमका स्वतःच्या बायकोने कॉइल गुंडाळलेला शोधून घेतला होता, कारण काकू त्याच कारखान्यात वाइंडिंगला, तार गुंडाळायच्या कामाला होत्या. काल लेकीशी बोलता बोलताच तो बंद पडला. सकाळी काकांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि निकाल दिला, "कॉइल गेली." काकू काही बोलल्या नाहीत. जेवतानाही बोलल्या नाहीत. काकांना वाटलं, फोनची काळजी असेल.

"आणला बघ," दारातूनच त्यांनी वर्दी दिली. "हातात घेऊन बघ. आहे की नाही वजन?"

काकूंनी घेतला, क्षणभर धरला आणि परत दिला. "लावा," एवढंच म्हणाल्या.

फोनवर बॅटरीच्या रेघा पळायला लागल्या. काका खुर्चीत टेकले. जुन्या दिवसांचं बोलावंसं वाटायला लागलं, म्हणून बोलायला लागले. वाइंडिंगच्या हॉलमध्ये खिडक्यांखाली बायकांची रांग बसायची. उजव्या हाताने मशीन फिरवायचं आणि वेढे तोंडातल्या तोंडात मोजायचे. मध्येच कुणी बोललं की मोजणी चुकली, कॉइल वाया. म्हणून कायदा होता. जिचं डावं बोट वर, तिच्याशी साहेबानेही बोलायचं नाही. बोट खाली आलं की मग बोला.

"तुझं बोट खाली यायची वाट बघत मी किती उभा राहिलोय! लग्नाचं विचारायला आलो तेव्हा तर पाय दुखले."

"मुद्दाम ठेवलं होतं वर," काकू म्हणाल्या आणि सकाळपासून पहिल्यांदा हसल्या. मग एकदम थांबल्या. "वास येतोय. काढा तो."

"कसला वास? मला तर—"

"जळतंय. काढा आधी!"

काकांनी बटण बंद करून चार्जर ओढला, तो हाताला चटकाच बसला. प्लास्टिक एका बाजूने मऊ झालं होतं. निवल्यावर त्यांनी तो उघडला. आत अंगठ्याएवढी पट्टी, तिच्यावर चारदोन बारीक वस्तू, आणि बाकीच्या जागेत गोंदाने चिकटवलेलं काहीतरी. काकूंनी ते चाचपलं.

"लोखंड आहे. वजनाला घातलंय."

काकांना आधी दुकानातल्या मुलीचं बोलणं आठवलं, मग मालकांचं. लोखंडाचा तो तुकडा त्यांनी तळहातावर ठेवला. हात काहीच सांगेना. त्यांना रडू येईल असं वाटलं आणि त्या वाटण्याचीच लाज वाटली.

"हात गेला माझा," ते म्हणाले. "तुझे डोळे गेले, माझा हात गेला."

"जुना द्या इकडे."

"त्यात काय आहे आता? कॉइल—"

"अडीच हजार वेढे घातलेत मी त्यात. एक चुकला नव्हता. माझी कॉइल जात नाही. द्या इकडे."

आत्ता कुठे काकांना सकाळचा तो अबोला कळला. चाळीस वर्षांत बायकोचा माल त्यांनी पहिल्यांदा नापास केला होता, आणि तोही न तपासता. त्यांनी मुकाट्याने चार्जर तिच्या हातात दिला. काकूंची बोटं वायरीवरून सावकाश गेली, परत आली, आणि डबीच्या मानेपाशी थांबली. "इथे. वरून साबूत आहे, आतून तुटलीय. पोकळ लागतंय."

काकांनी पेटीतून सोल्डरिंगचं सामान काढलं. तेवढी वायर कापली, टोकं सोलली, डाग दिला. काकूंनी जोड चाचपून मान डोलावली. पाचला दहा मिनिटं असताना फोनवर रेघा पळायला लागल्या. काकूंनी डबीला कान लावला. आतून बारीक गुणगुण येत होती.

"उद्या तो हलका घेऊन या त्या मुलीकडचा," त्या म्हणाल्या. "हा म्हातारा किती पुरणार?"

काकांनी मान हलवली, मग तिला ती दिसत नाही हे आठवून "हो" म्हणाले.

पाचला फोन वाजला. काकूंनी अंगठ्याने बटण दाबलं, मग स्पीकरचं.

"आई, चार्जर मिळाला का गं? मला दिवसभर धास्ती. बाजारात सगळा नकली माल असतो."

काकांनी घसा खाकरला. झालं ते सरळ सांगून टाकावं, म्हणून ते पुढे झुकले. काकूंनी डाव्या हाताचं बोट वर केलं.

"मिळाला ना," काकू म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी हातात धरून बघितला. त्यांच्या हातून कधी खोटा माल गेलाय का?"

"बाबांचा हात आहे म्हणून बरं," तिकडून लेक म्हणाली.

बोट अजून वरच होतं. तराजूकाका पूर्वी मशीनजवळ राहत तसे उभे राहिले, बोट खाली यायची वाट बघत.