चूल पेटती आहे तोवर

परवा माझ्या नातीच्या लग्नाची यादी, म्हणजे देण्याघेण्याचं ठरवायची बैठक, झाली. पुण्यातल्या एका हॉलमध्ये दोन्हीकडची माणसं खुर्च्यांवर बसली आणि वरात घोड्यावरून की उघड्या मोटारीतून, आइस्क्रीम एक जातीचं की तीन, असं सगळं ठरत गेलं. शेवटी व्याही अदबीनं म्हणाले, "आजी, तुम्हाला काही घालायचंय का यादीत?"

मी म्हटलं, "चूल घाला."

सगळे हसले. नातीला वाटलं, मी गॅसच्या शेगडीबद्दल बोलते आहे. "आजी, ती आहे त्यांच्याकडे, चार बर्नरची," ती म्हणाली. मग मीही हसले. तिला सगुणाआत्याची गोष्ट कुठं माहीत असणार?

सगुणाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिला ताम्हिणीच्या अलीकडे एका वाडीत दिली होती. नवरा कोंडाजी बिजवर, वयानं पुष्कळ मोठा, पण माणूस सालस. तिच्या यादीच्या दिवशी माझे आजोबा, गेणबा, ऐन सुपारी फोडायच्या वेळी म्हणाले, "एक बोलायचं ऱ्हायलं. जावई वयानं मोठं. उद्या कमीजास्त झालं, तर माझ्या पोरीनं काय खायाचं?"

शुभकार्यात असलं अशुभ बोलणं! बायकांनी तोंडाला पदर लावले. पण आजोबा हटेनात. "वढ्याकाठचं खाचर तिच्या चोळीबांगडीला लावून द्या," म्हणाले. चोळीबांगडीला म्हणजे बाईच्या स्वतःच्या पोटापाण्याला. त्या खाचरात आंबेमोहोर भात व्हायचा. शिजायला लागला की वास शेजाऱ्याच्या घरात जायचा. कोंडाजी लगेच हो म्हणाला. त्याचा धाकटा भाऊ हैबतराव मात्र तेव्हापासूनच हुशार.

"देऊ की," तो म्हणाला. "पन वैनी म्हायेरी निघून गेली तर? न्हाईतर दुसरा पाट लावला तर? आमचं खाचर काय पाटीत घालून नेणार? तवा असं म्हना, आमच्या वाडीत जोवर तिची चूल पेटती, तोवर खाचर तिचं. चूल इझली, की खाचर माघारी."

मध्यस्थ होते कुशाबा. लिहिणारं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते वाक्य दोन्हीकडच्या माणसांकडून मोठ्यानं म्हणून घेतलं आणि मग सुपारी फोडली. हैबतराव आपल्या त्या वाक्यावर इतका खूश होता, की पुढं कितीतरी वर्षं कुणाच्याही यादीत जाऊन ते ऐकवायचा.

व्हायचं ते झालं. कोंडाजी गेला. पोरबाळ नव्हतं. आत्याला माहेरी आणायला वडील गेले, तर ती म्हणाली, "दादा, हितं माझं खाचर हाय. तितं मी तुमच्या बायकोच्या हाताखालची." माझी आई हे ऐकून रागावली, पण खोटं आहे असं काही म्हणाली नाही. मग सोबतीला म्हणून पावसाळ्यापुरती मला आत्याकडे धाडली. विधवेला नवऱ्याच्या जमिनीत पुरा हक्क देणारा कायदा पुढं काही वर्षांनी आला. तेव्हा आत्याला आधार एवढाच, ते तोंडी वाक्य आणि घरातली मातीची चूल.

हैबतराव भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो गोड झाला.

"वैनी, एकटीसाठी कशाला धूर करताया? आमच्यात या की जेवायला."

आत्या म्हणायची, "येते की भावजी. चुलीवर पानी ठेवते अन् येते."

"पानी कशाला?"

"तापतंय बिचारं."

आषाढात त्यानं कोंबडं कापलं, निरोप आला. वड्या झाल्या, निरोप आला. आत्या प्रत्येक वेळी चुलीवर पाण्याचं भगुलं चढवायची, लाकडं सारायची आणि मग जायची. जेवून येईपर्यंत पाणी अर्धं आटलेलं असायचं. वाडीतल्या बायका पाणवठ्यावर विचारायच्या, "सगुणाबाई, आज काय शिजवलं?" आत्या म्हणायची, "पानीच. पन चांगलं मुरलं होतं." मी मात्र त्या दिवसांत खरोखर अंगानं भरले. दोन्ही घरचं खात होते.

हैबतरावाची बायको गोजराबाई. बारीक अंगाची, कमी बोलणारी. ती रोज सकाळी आमच्या मागच्या दारी यायची, हातात फुटक्या मडक्याची खापरी. "बाई, इस्तू द्या." इस्तू म्हणजे विस्तव. रात्री चुलीतल्या निखाऱ्यांवर राख ओढून ठेवायची आणि सकाळी फुंकणी मारली की लाल डोळा उघडायचा. आत्या त्यातला एक निखारा तिच्या खापरीत घालायची, वर राख भुरभुरायची. गोजराबाई इरलं पांघरून पावसातून पळत घरी जायची.

एकदा मी विचारलं, "काकी, तुमच्यात काडीपेटी न्हाई व्हय?"

"हाय की. ह्यांच्या टिरंकेत. कुलपात." आणि नवऱ्याचा आवाज काढून ती म्हणाली, "शेजारी फुकटचा इस्तू असताना काडी कशाला वढायची?"

आत्या हसली, तशी तीही हसली. त्या दोघी जावा होत्या, पण भांडायला त्यांना कधी सवडच मिळाली नाही.

त्या आषाढात पाऊस असा लागला, की समोरचं घर दिसेना. एका सकाळी गोजराबाई इस्तू घेऊन गेली आणि थोड्याच वेळात मागच्या परड्याचा बांध फुटला. डोंगराचं सगळं पाणी स्वयंपाकघरात शिरलं. आत्या भाताची कणगी वाचवायला धावली, मी भांडी उचलायला. तेवढ्यात चुलीतून चर्र आवाज आला आणि पांढऱ्या वाफेचा लोट उठला. चुलीचा एक गाल विरघळून खाली बसला.

हैबतराव धावत आला. खोटं कशाला बोलू, कणगी त्यानंच उचलून माळ्यावर ठेवली, पाण्याला वाट करून दिली. छातीपर्यंत चिखल झाला होता त्याला. मग डोळ्यांवरचं पाणी पुसताना त्याची नजर चुलीवर गेली. त्या चिखलातसुद्धा त्याचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

"आरारारा," तो म्हणाला. "वैनी, चूल इझली की."

 आत्या त्या गाळाकडे बघत उभी राहिली. 

हैबतरावानं वेळ घालवला नाही. कुशाबांना घोंगडी पांघरवून आणलं, आणखी दोघं म्हातारे आणले. आमच्या घरात बसायला कोरडी जागा नव्हती, म्हणून सगळे त्याच्याच पडवीत बसले. आम्हालाही तिथंच बोलावलं. गोजराबाईनं आतून सगळ्यांना चहा आणला, आलं घातलेला, वाफाळता.

"मी काय वैरी न्हाई," हैबतराव म्हणाला. "वैनीनं आमच्यात ऱ्हावं, चार घास खावंत. पन शब्द तो शब्द. चूल इझली, खाचर माघारी. कुशाबा, तुमीच म्हनून घेतलं हुतं न्हवं?"

कुशाबांना कमी ऐकू यायचं, पण ते वाक्य पाठ होतं. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि अवघडल्यासारखे म्हणाले, "व्हय बाबा. वाडीत तिची चूल पेटती तोवर, असंच हुतं. सगुणाबाई, तुजं काय म्हननं?"

आत्या चहाच्या कपाकडे बघत होती. त्यातून वाफ निघत होती. हळूहळू तिनं मान वर केली.

"गोजरे," ती म्हणाली, "चा झ्याक झालाय. कशावर केलास?"

"चुलीवर, बाई," दाराआडून आवाज आला.

"चूल कशानं पेटीवलीस?"

 हैबतराव म्हणाला, "आता चा कशावर केला ह्याचं काय?" पण कुशाबांनी कानाला हात लावून विचारलं, "काय म्हनली ती? मोठ्यानं बोल गं पोरी."

गोजराबाई उंबऱ्यावर आली. डोक्यावरचा पदर सारखा केला. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग जावेकडे. तिनं "काडीनं" एवढं म्हटलं असतं, तरी खाचर तिच्याच घरात येणार होतं. ओढ्याकाठचं, आंबेमोहोराचं.

"बाईंच्या इस्तवानं," ती म्हणाली. "सकाळच्याला आनला. रोज तितनंच आनते." आणि मग जरा मोठ्यानं, "तुमीच सांगितलंय न्हवं, काडी वढायची न्हाई म्हून?"

 मग कुशाबांना ठसका लागला. चहा नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि आम्हाला वाटलं म्हातारा जातो की काय. पण तो हसत होता.

"हैबती," ते म्हणाले, "मर्दा, चूल इझली म्हनतोस अन् तिच्याच चुलीचा चा मला पाजतोस?"

"अवो पन ती चूल माझ्या घरात हाय!"

"तू वाडीत म्हनला हुतास. तुझं घर काय कोकणात हाय?"

दुसरा म्हातारा म्हणाला, "वातीवरनं वात लावली म्हून जोत दुसऱ्याची हुती व्हय?" मग तिघंही हसले. हैबतराव चिखल भरलेल्या अंगानं तसाच बसून राहिला. आपलंच वाक्य असं उलटून येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

कुशाबांनी निवाडा केला. सगुणाबाईचा इस्तू वाडीत जिता आहे, खाचर तिचं. तिचा इस्तू तिला आत्ताच्या आत्ता माघारी द्यावा.

गोजराबाईनं आपल्या चुलीतला सगळ्यांत मोठा निखारा खापरीत घेतला. राख घातली, आणि इरल्याखाली लेकराला धरावं तशी ती खापरी धरून पावसातून आमच्याकडे आली. आम्ही ओटीवर तीन दगड मांडले होते. आत्या फुंकत होती, गोजराबाई फुंकत होती, धुरानं दोघींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"गोजरे, घरी तुला बोलतील गं," आत्या म्हणाली.

"बोलू द्या. माझ्या यादीत काय बी न्हाई, बाई," ती म्हणाली. "तुमची पेटती ऱ्हायली, तर मला बी उद्या इस्तू मागायला दार ऱ्हाईल."

एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून पुन्हा कधी ऐकलं नाही. तीन दगडांवर भात चढला. वास पार शेजारी गेला असणार.

पुढच्या बाजाराला हैबतराव पौडला गेला आणि काडीपेट्यांचा अख्खा पुडा घेऊन आला. ट्रंकेचं कुलूपही काढलं. बायकोला म्हणाला, "उद्यापासनं आपली काडी वढायची. दुसऱ्याच्या दारात जायचं न्हाई."

दुसऱ्या सकाळी मागचं दार वाजलं. गोजराबाई खापरी घेऊन उभी.

"आता काय गं?" आत्यानं विचारलं. "पुडा आनला न्हवं?"

"काडीपेटी सादळली, बाई."

पावसाळ्यात सादळतेच, त्यात नवल काही नाही. पण माझं लग्न ठरलं ते पुढच्या वैशाखात. आमंत्रण द्यायला मी आत्याकडे गेले आणि मुक्काम केला. वाडीतली जमीन भेगाळली होती, ओढा कोरडा पडला होता. सकाळी जाग आली ती मागच्या दारच्या त्याच आवाजानं.

"बाई, इस्तू द्या. काडीपेटी सादळली."