लंगडण्याचे चार जादा दिवस

लंगडलो तर माझ्या वाट्याला काय येणार होतं, ते आधी सांगून टाकतो. म्हणजे पुढे कोणी मला साधुसंत समजायला नको. सकाळ-संध्याकाळ कोमट कोंडा, त्यात ओंजळभर जव. अंगाखाली कोरडा पेंढा. मागच्या पायाच्या पुठ्ठ्यावर थंड पाण्याची धार, तीही मऊ हाताने. आणि पाठीवर गॅसच्या टाक्या नाहीत. न लंगडलो तर यातलं काहीच नाही, आणि टाक्या सहा. तुम्ही काय केलं असतं, मित्रांनो?

मी एक म्हातारं खेचर आहे. घोडा नाही, गाढवही नाही. बोलतो मात्र पुरुषासारखा, कारण मी ज्या घरात राहतो तिथे तसं बोलणाऱ्याचंच ऐकलं जातं. माझा जन्म डोंगरातल्या एका खेड्यात झाला. आई घोडी होती. बाप गाढव होता, त्याचं नाव घरात कोणी काढत नसे. चौथ्या वर्षी बाजाराच्या दिवशी मला अल्लालने विकत घेतलं आणि फेझच्या जुन्या शहरात आणलं. घेताना त्याने माझं तोंड उघडून एकेक दात बोटाने चाचपून पाहिला. आमची शेजारीण तामोखाला म्हणते, "बायको करताना याने एवढी पारख केली नव्हती. तिची नुसती चप्पल पाहिली आणि हो म्हणाला."

त्या बायकोचं नाव बतूल. आमचं घर उभंच्या उभं, अरुंद. तळाला मी, माझ्या डोक्यावर स्वयंपाकघर, त्याच्यावर खोली. मधला जिना दगडी, एकोणीस पायऱ्यांचा. माझ्या पायांत टायरचे तुकडे कापून ठोकलेले नाल होते, कारण आमच्या गल्ल्यांतल्या गुळगुळीत फरशीवर लोखंड घसरतं. गल्ली एवढी अरुंद की मी आलो की माणसं भिंतीला चिकटत. अल्लाल मागून ओरडे, "बालाक! बालाक!" म्हणजे बाजूला व्हा. बारा वर्षं माझ्यासाठी लोक बाजूला होत आले. बतूलसाठी कोणी झालेलं मी पाहिलं नाही.

पण माया तिनेच केली, हे सांगितलं पाहिजे. शिळ्या पावाचा तुकडा झग्याआड लपवून आणायची. पाठीला खोगिराने घट्टा पडला की तेल चोळायची. मी तिच्याच हाताने पाणी पीत असे. अल्लालने बादली धरली की तोंड फिरवत असे, एवढा लाडावलो होतो.

आता त्या दिवसाचं ऐका. सकाळी कणीक मळून, गोल पाव थापून, फळीवर ओळीने मांडून बतूल मोहल्ल्याच्या भट्टीवर निघाली होती. फळी डोक्यावर घेतली, एक पाऊल टाकलं आणि माझ्या दारातच थांबली. पडली नाही, घसरली नाही. नुसती थांबली, कोणी मागून नाव घेतल्यासारखी. मग एक हात उजव्या खुब्यावर गेला आणि दुसरा माझ्या मानेवर.

"काय झालं गं आई?" वरून इतिमाद ओरडली. ही त्यांची एकुलती मुलगी, वय वर्षं पंधरा.

"काही नाही. मुंगी चावली."

"मुंगी चावल्यावर कोणी एवढा वेळ उभं राहतं?"

"मोठी मुंगी होती. तू पुस्तक बघ."

इतिमादची मोठी परीक्षा संपायला तेव्हा अठरा दिवस होते. त्या परीक्षेवर बरंच काही टांगलेलं होतं. अल्लालने चारचौघांत सांगून ठेवलं होतं, "पास झाली तर शिकेल. नाही झाली तर चूल आहेच." बतूलला हे पाठ होतं. आपण अंथरूण धरलं तर कणीक कोण मळणार, पाणी कोण आणणार, खेचराखालचं शेण कोण काढणार, हेही तिला पाठ होतं. म्हणून तिने मनाशी ठरवलं: अठरा दिवस. एकोणिसाव्या दिवशी डॉक्टर. कळ थांबणारी नव्हती, पण बाईचा निश्चय पक्का होता.

दुसऱ्या दिवशी ती जिना बसून-बसून उतरली. तामोखाला दारातून बघत होती.

"काय गं, पायऱ्या पुसतेस की मोजतेस?"

"खुब्यात कळ येते, खाला. जांघेपर्यंत जाते. पाय टाकला की डोळ्यांपुढे काजवे."

"शीर धरलीय. डॉक्टर काय करणार? हाडाचा फोटो काढणार, गोळ्या देणार आणि म्हणणार बाई झोपून राहा. झोपायला डॉक्टर कशाला लागतो? वेशीबाहेरच्या सुलेमानकडून तीन डाग घे. लाल सळई टेकली की शीर घाबरून पळते."

अल्लाल तिथेच माझा पट्टा आवळत होता. बतूलने त्याच्याकडे पाहिलं. "ऐकलंत का मालक, एकदा मोठ्या दवाखान्यात..."

"ए बाई, दवाखान्यात जायचं म्हणजे पूर्ण दिवस रांगेत. माझा दिवस बुडवू? माझी आईपण अशीच कण्हायची. चौऱ्याऐंशी वर्षं जगली कण्हत-कण्हत."

तिसऱ्या दिवशी मी घसरलो. कातडी कमावणाऱ्यांच्या उतारावर फरशी ओली होती. मागचा डावा पाय गेला आणि पुठ्ठ्यात काहीतरी ताणलं. मी जेमतेम घरी आलो.

मित्रांनो, माझ्या मालकाला मी त्या दिवशी ओळखलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. जेवण टाकलं. टाक्या शेजाऱ्याच्या गाढवावर चढवून दिल्या. "आत्ताच्या आत्ता न्यायला पाहिजे! अंगात मुरलं तर जन्माचं अधू होईल!" शहराच्या वेशीबाहेर जनावरांचा एक धर्मार्थ दवाखाना आहे. तिथे मला न्यायचं ठरलं. पण दुखऱ्या पायाने मी अल्लालच्या मागे एक पाऊल टाकीना. मग दोर बतूलच्या हातात दिला. मी डाव्या पायाने लंगडत होतो, ती उजव्या. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीण नवालबाईंनी माझा पुठ्ठा दाबला, पाय वाकवला, मला चालवलं. "स्नायू ताणलाय. दहा दिवस ओझं नाही. दिवसातून चार वेळा थंड पाणी, दोन-दोन बादल्या. कोरडं अंथरूण. कोंडा कोमट करून. आणि डाग द्यायचा नाही. डागलेलं जनावर इथे आणलंत तर पुन्हा दारात उभं करणार नाही."

"छे छे, बाईसाहेब! मुक्या जीवाला डागायचं? आम्ही काय कसाई आहोत?"

मग त्यांनी बतूलला परत चालायला सांगितलं. बतूलला वाटलं, माझा दोर धरून चालायचंय.

"खेचर राहू द्या. तुम्ही एकट्या चाला."

ती चार पावलं चालली. नवालबाईंचा चेहरा बदलला. "जांघेत दुखतं? पाय टाकवत नाही? कधीपासून?"

"तीन दिवस."

"मी जनावरांची डॉक्टर आहे, पण डोळे आहेत मला. हाडाला चीर असू शकते. या पायावर वजन टाकू नका. आज, इथून सरळ मोठ्या दवाखान्यात जा आणि फोटो काढा. ऐकताय ना?" हे शेवटचं अल्लालला होतं.

"हो तर! नेतोच की." दाराबाहेर आल्यावर तो म्हणाला, "खेचराच्या डॉक्टरणीला माणसांतलं काय कळतं?" मग माझ्या औषधाचा कागद जपून घडी करून छातीच्या खिशात ठेवला.

बतूल बोटांवर मोजत होती. पंधरा उरले होते.

आता माझी सेवा सुरू झाली. आठ बादल्या रोज. नळ गल्लीच्या टोकाला, चढावर. डॉक्टरीणबाईंचा शब्द अल्लालने पाळला, अगदी अक्षरशः पाळला. पाळायला मात्र बतूल होती. "चौथं पाणी झालं का?" तो संध्याकाळी आल्याआल्या विचारायचा. "कोंडा कोमट होता ना? पेंढा ओला दिसतोय." असं कोणी कधी तिच्याबद्दल विचारलं असतं, तर मी ही गोष्ट सांगायला बसलो नसतो.

इतिमाद दोनदा पुस्तक टाकून खाली आली. "बादली दे इकडे."

"हात लावलास तर बघ. तुझे बाबा तू नापास होण्याचीच वाट बघतायत. तुझ्या बादल्या परीक्षेनंतर."

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं होतं?"

"त्यांनी खेचराबद्दल सांगितलं."

नवव्या दिवशी तामोखालाने तिला सुलेमानकडे नेलं. तीन डाग घेऊन आली. परतल्यावर पहिली बादली माझीच भरली. माझ्या पुठ्ठ्यावर धार धरली आणि खाली ओघळणारं तेच पाणी ओंजळीत झेलून झग्यावरून स्वतःच्या खुब्यावर मारत राहिली. ओठ घट्ट मिटलेले. मी कोंडा खात होतो. छान कोमट होता.

दहा दिवस झाले. माझा पाय बरा झाला. अगदी बरा. मी उडीसुद्धा मारली असती. अकराव्या सकाळी अल्लालने खोगीर आणलं आणि मी... मी पाय उचलून धरला. कान पाडले. चार पावलं लंगडलो. अल्लालने खोगीर खाली ठेवलं. "राहू दे बिचाऱ्याला. अजून ठणकतंय."

इतकं सोपं होतं ते.

बतूलनेही पाहिलं. माझ्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "तुझंही दुखणं थांबलं नाही का रे?" आणि बादली उचलली.

फसवणूक ओळखली ती फक्त इतिमादने. तिसऱ्या जादा दिवशी तोंडात पेन धरून जिन्यावर बसली होती. अल्लालला म्हणाली, "बाबा, हा काल डाव्या पायाने लंगडत होता. आज उजव्या."

अल्लाल हसला. "जनावर खोटं बोलत नसतं, पोरी. बायकांचं दुखणं तोंडात असतं, जनावराचं पायात."

चौथ्या जादा दिवशी, परीक्षा दुसऱ्या दिवसावर आली असताना, बतूल पहाटेची दुसरी बादली घेऊन आली. माझ्या दाराच्या उंबऱ्यापाशी तिने उजवा पाय टाकला आणि एक आवाज आला. वाळकी काटकी मोडावी तसा. ती पाण्यात बसली. ओरडली नाही, वर मुलगी झोपली होती. माझ्याकडे पाहत राहिली. तिचा पाय बाहेरच्या बाजूला वळला होता, कोणा दुसऱ्याचा असावा तसा.

मी चारही पायांवर सरळ उभा होतो. ते तिला दिसलं.

मोठ्या दवाखान्यातलं मी पाहिलं नाही; तामोखालाने माझ्या दारात बसून शेजारणींना सांगितलं ते ऐकलं. डॉक्टर म्हणाला, नुसती चीर होती तेव्हा आणली असती तर दोन खिळ्यांत काम होतं. आता हाड सरकलंय, त्याचा रक्तपुरवठा तुटलाय. शस्त्रक्रिया केली, पण वॉकरशिवाय चालेल असं सांगता येत नाही, आणि जिना तर विसराच. मग त्याने विचारलं, "दुखत कधीपासून होतं?"

"आजच," अल्लाल म्हणाला. "पडली ना, तेव्हापासून. आधी कधी बोललीच नाही."

डॉक्टरने बतूलकडे पाहिलं. ती म्हणाली, "हो. आजच."

बाईजवळ बाईच लागते म्हणून पुढचे दोन्ही दिवस इतिमाद दवाखान्यात होती. परीक्षेचे तेच दोन दिवस. अल्लालला राहता आलं असतं, पण त्याच दिवशी माझा पाय एकाएकी बरा झाला होता आणि टाक्या साचल्या होत्या. वाटेत भेटेल त्याला तो माझी पाठ थोपटून सांगत होता, "बघा, वेळेत दाखवलं की जनावरसुद्धा ठणठणीत होतं. आजार अंगावर काढू नये."

मित्रांनो, माझ्या जातीची सगळी जनावरं आपली गोष्ट संपवताना तुमच्याकडे दया मागतात. मी मागणार नाही. माझ्यावर दया पुष्कळ झाली. मागायचंच तर एवढं मागतो: तुमच्या घरात कोणी खुब्यावर हात ठेवून मुंगी चावली म्हणालं, तर पुस्तक बाजूला ठेवा. त्यांचं ऐकू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, रडत नेलं तरी चालेल, भांडून नेलं तरी चालेल. अठरा दिवस मोजणाऱ्या माणसाच्या बोटांवर विश्वास ठेवू नका.

आता कोणाला काय मिळालं आणि त्याची किंमत कोणी भरली ते सांगून थांबतो. अल्लालने एका दिवसाची मजुरी वाचवली होती, ती वाचली. सुलेमानला तीन डागांचे पैसे मिळाले. तामोखालाला वर्षभर सांगायला गोष्ट मिळाली. मला चार दिवसांचे जव मिळाले. या सगळ्याची मिळून किंमत झाली इतिमादची शाळा आणि बतूलचा उजवा पाय.