सव्वा फुटाची वाट

मी एक जुनी लाकडी चौकट आहे. मित्रांनो, चौकट म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे दार येईल, आरसा येईल, नाहीतर भिंतीवरचे एखादे चित्र. माझ्यात यांतले काहीच नाही. माझ्यात फक्त रिकामी जागा आहे. सव्वा फूट रुंद आणि पावणेदोन फूट लांब. त्या रिकाम्या जागेसाठीच मला बनवले गेले.

माझे धनी लिफ्ट दुरुस्त करणारे कारागीर होते. शेजारीपाजारी त्यांना 'लिफ्टकाका' म्हणत. गंमत अशी की, ते राहत त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. दिवसभर दुसऱ्यांच्या लिफ्टी चालू करून लिफ्टकाका संध्याकाळी चार जिने चढून धापा टाकत घरी येत. घरी काकू होत्या आणि दहा वर्षांची मुलगी होती. दर वर्षी धाप वाढत होती आणि दर वर्षी पट्ट्याला एक भोक वाढत होते. काका हसून म्हणत, "खात्यापित्या घरचा आहे, दिसायला नको का?"

लिफ्टच्या छताला एक छोटी झडप असते. लिफ्ट मध्येच अडकली आणि आत कुणाला त्रास होत असला, तर कारागीर वरून त्या झडपेतून आत उतरतो. एके दुपारी एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली. आत सहा माणसे होती आणि एका आजींना दम लागला होता. काकांनी झडप उघडली, पाय आत सोडले आणि पोटाशी अडकले. पाय लिफ्टमध्ये, डोके लिफ्टच्या वर. खाली जाता येईना, वर येता येईना. आतल्या माणसांना वाटले मदत आली, पण ती कमरेपर्यंतच आली होती. आजींनी त्यांचा लोंबकळणारा बूट हलवून विचारले, "बाळा, तू आम्हाला सोडवायला आलास, की सोबतीला?"

चाळीस मिनिटांनी अग्निशमन दलाच्या जवानांनी साबणाचे पाणी ओतून काकांना वर ओढले. आजी सुखरूप होत्या. 

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांनी त्यांना तळघरातल्या सामानाच्या खोलीत बसवले. "काका, ज्या दिवशी झडपेतून जाल, त्या दिवशी वर या," साहेब म्हणाले. "वर्षभर तुमची जागा ठेवतो. पुढचं माझ्या हातात नाही." त्या खोलीला खिडकी नव्हती. तारांची भेंडोळी, पुल्या, तेलाचे डबे आणि एक गुणगुणणारी ट्यूबलाइट. बावीस वर्षे उंचावर काम केलेला माणूस जमिनीखाली बसून खिळे मोजू लागला. तिथून बाहेर पडायची वाट एकच होती, आणि ती सव्वा फूट रुंद होती.

आठवडाभराने काका एका सुताराकडे गेले. कागदावर लिहिलेले माप पाहून सुतार म्हणाला, "एवढ्या मोठ्या चौकटीत फोटो कुणाचा लावणार?"

"माझाच," काका म्हणाले. "पण हलता."

अशी मी जन्माला आले. एका जुन्या दाराच्या लाकडातून सुताराने मला कापले, रंधा मारला आणि कडा गोल केल्या, म्हणजे कुणाला ओरखडा उठू नये. मला फार आनंद झाला होता. पण पहिल्याच रविवारी माझ्या लक्षात आले की, माझे काम माणसाला अडवण्याचे आहे.

काकांनी मला घरातल्या बोळात कपाट आणि भिंत यांच्यामधे घट्ट बसवले. आधी एक हात घातला, मग डोके, मग दुसरा खांदा. पोटाशी येऊन ते थांबले. बोळातूनच स्वयंपाकघरात जायची वाट होती. काकू परात घेऊन उभ्या होत्या. "अहो, एक तर पुढे जा, नाहीतर मागे या. मला कणीक मळायची आहे." मुलीने पाय धरून ओढले तेव्हा ते सुटले. माझ्या कडेचा लाल वळ त्यांच्या पोटावर दिवसभर होता.

काकांकडे ना कुणी शिकवणारा होता, ना व्यायामशाळेत जायची ऐपत. जे करायचे ते स्वतःच्या मनाने. वाचनालयातल्या एका पुस्तकात कशात किती कॅलरी असतात याचा तक्ता होता, तो मुलीने वहीत सुबक अक्षरात उतरवून काढला. नटबोल्ट तोलायचा एक छोटा काटा काकांकडे होता. आता त्यावर भात, भाजी आणि शेंगदाणे येऊ लागले. जे पोटात जाईल ते मोठ्याने सांगायचे आणि मुलीने वहीत मांडायचे, असा नियम ठरला.

"बाबा, शेंगदाणे सांगितले नाहीत तुम्ही."

"चारच होते गं."

"मूठ उघडा."

मूठ उघडली की अकरा निघत. काकू कपाळाला हात लावत. "माणसं जेवतात की पेच तोलतात, काही कळत नाही या घरात!"

पण वजन उतरू लागले. पाण्याचे दोन कॅन दोन्ही हातांत घेऊन काका रोज सकाळी चारही जिने सहा वेळा चढत. दर रविवारी माझ्यातून जाऊन बघत. किलोभर उतरले की मुलगी टाळ्या वाजवी आणि काकू ताटावर चमचा वाजवत. त्या घराला वजनकाट्याचा छंद लागला. जेवणाआधी आकडा, जेवणानंतर आकडा. पाहुणे आले तरी आधी आकडा सांगितला जाई, मग पाणी.

काकांना घाई होती. तळघरातला एकेक दिवस त्यांना आठवड्याएवढा वाटे. म्हणून ते ताटातले कमी करत गेले, अजून कमी करत गेले. पाचव्या महिन्यात एका रविवारी ते माझ्यातून सळकन् पलीकडे गेले. टाळ्या आणि चमच्याचा एवढा आवाज झाला की, शेजारी विचारायला आले.

पण झडप काही भिंतीत नसते, ती डोक्यावर असते. आत उतरलेल्या माणसाला परत वरही यावे लागते. म्हणून काकांनी मला गच्चीवर नेले आणि पाण्याच्या टाकीच्या लोखंडी सांगाड्याला चार बोल्टांनी आडवे बसवले, जमिनीपासून सात फुटांवर. त्यांनी माझ्या कडा धरल्या आणि अंग वर उचलले. डोके आले, छाती आली आणि दंड थरथरू लागले. मागच्या खेपेला पोट आडवे आले होते, या वेळी तर सगळे शरीर माझ्यातून जात होते आणि तरी माणूस जात नव्हता. काखांवर लोंबकळत ते तसेच राहिले. मुलीने धावत जाऊन पायांखाली स्टूल सरकवले.

खाली बसून काका खूप वेळ दम घेत होते. मग म्हणाले, "बारीक झालो, पण बळही घालवून बसलो."

मुलीने वहीत नवा रकाना आखला. त्यात कॅलरी नव्हत्या. बाबा माझ्या कडेला किती आकडे मोजेपर्यंत लोंबकळू शकतात, ते त्यात लिहायचे होते. पहिल्या दिवशी सात. काकूंनी सकाळी दोन उकडलेली अंडी समोर ठेवली आणि बजावले, "आता कमी नाही, पुरेसं खाताय ना ते मोजा." मग सात आकड्यांचे अकरा झाले, अकराचे तीस झाले. नवव्या महिन्यात हनुवटी माझ्या वर आली. माझे लाकूड त्यांच्या घामाने काळपट पडले, आणि खरे सांगते, मला त्याचा अभिमान वाटे. अकराव्या महिन्यात ते एका दमात तीन वेळा माझ्यातून वर गेले आणि खाली उतरले.

त्या आठवड्यात साहेबांसमोर खऱ्या झडपेतून जाऊन ते तळघरातून सुटले. घरी आल्यावर त्यांनी मला जवसाचे तेल चोळले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

पुढे तेरा वर्षे काका उंचावर काम करत राहिले. मी टाकीच्या सांगाड्यावरच राहिले. कुणी मला कपडे वाळत घालायची दोरी बांधली, कुणी माझ्यावर झाडू अडकवला. महिन्यातून एकदा काका येत, मग वर्षातून एकदा येऊ लागले. वही बंद झाली, कारण आता तिची गरज नव्हती. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. टाळ्यांची सवय मात्र राहिली. फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच असे, "बाबा, आकडा?"

मग एका सकाळी ती घरी आली. काका कामावरून निवृत्त होणार होते त्या वर्षी. जिन्यातूनच तिचा आवाज आला, "बाबा, केवढे बारीक झालात! चला गच्चीवर, जुनी परीक्षा होऊ द्या." काकूही हसत मागून आल्या.

काकांनी माझ्या कडा धरल्या. ते हात मला पाठ होते. त्या दिवशी ते पहिल्या दिवसासारखे थरथरत होते. त्यांनी हळूच स्टुलावर पाय दिला आणि स्वतःला वर ढकलले. ते मला कुठेही न लागता वर गेले. त्यांचे पोट आणि माझी कड यांत चार बोटे जागा उरली. मुलीने बोटे घालून ती मोजली.

"चार बोटं! आई, बघ ना!"

"न मोजता उतरलं हो," काकू कौतुकाने म्हणाल्या. "हल्ली जेवतात तरी कुठे धड."

आणि दोघींनी टाळ्या वाजवल्या.

काका वर, सांगाड्यावर टाकलेल्या फळीवर, त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. श्वास जमल्यावर ते अगदी हळू म्हणाले, "हे मी केलेलं नाही." एवढेच. ते मी ऐकले. खाली टाळ्या चालू होत्या. मग ते वळले, हसले आणि नाटकातल्या नटासारखे त्यांनी वाकून अभिवादन केले.

दुसरे एखादे घर असते तर तिथे कुणी विचारले असते, एवढा का खंगलास? या घराला वजन उतरण्याचा एकच अर्थ माहीत होता. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले आणि उशीर झाला असेही सांगितले. त्यानंतर काका पुन्हा गच्चीवर आले नाहीत.

परवा मुलगी काकांच्या पश्चात उरलेला त्यांचा पाना घेऊन आली. मागून काकू आल्या. लाकूड कुजले आहे, कुणाच्या डोक्यावर पडेल, म्हणून मला काढायचे ठरले होते. दोन बोल्ट निघाले. दोन गंजले होते, ते हलेनात. मुलीने पूर्ण जोर लावला आणि मग पाना खाली ठेवून ती स्टुलावर बसली.

"आई, मी टाळ्या वाजवल्या," ती म्हणाली.

काकूंनी तिच्या केसांतला गंजाचा कण काढला. "मीही वाजवल्या. त्यांना आवडायच्या गं."

"त्यांना आजाराचं कळलं नसेल ना तेव्हा?"

काकूंना उत्तर माहीत नव्हते. मला होते. पण माझ्या रिकाम्या जागेतून वारा जातो, शब्द जात नाही. त्या दोघी खाली गेल्या आणि मी दोन बोल्टांवर तिरकी लोंबकळत राहिले. काकांचे ते वाक्य माझ्यात अडकून पडले आहे. ते तिला सांगावे की सांगू नये, हे ठरवण्याचाही मला अधिकार नाही.

म्हणून ते तुम्हाला सांगते आहे. मित्रांनो, जरूर व्यायाम करा. मोजूनमापून खा, जिने चढा, घाम गाळा. त्याने माणूस तळघरातून वर येतो, हे मी पाहिले आहे. पण माप फक्त किती ते सांगते, का ते सांगत नाही. घरात कुणी काही न करताच उतरू लागले, तर टाळीसाठी उचललेला हात त्याच्या खांद्यावर ठेवा आणि विचारा, जेवण जातं ना? दमायला होतं का? आणि उतरणारे तुम्ही स्वतः असाल, तर घरच्यांचा आनंद मोडेल म्हणून पाठ फिरवून पुटपुटू नका. त्यांच्याकडे तोंड करून बोला. मी लाकूड आहे, मला गप्पच राहावे लागते. तुम्हाला नाही.