पाचव्या मजल्यावरची हाक

हल्ली नट्यांच्या केसांत वाटाण्याएवढा मायक्रोफोन खोचतात. आमच्या वेळी गळा आणि बरगड्या, एवढंच सामान. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेला शब्द कळला नाही, की वरून कुणीतरी विचारायचं, "काय म्हणालीस, बाई?"

त्या रांगेपायी माझं पहिलं गाणं जाणार होतं. आमचं संगीत नाटक तेव्हा बॉस्टनला चाललं होतं. न्यूयॉर्कला लावण्याआधी नवं नाटक बाहेरगावी चालवून बघायचं आणि जे पडेल ते कापायचं, ही रीतच होती. दुसऱ्या अंकात मला एकटीला एक गाणं होतं. माझा गळा चर्चच्या गायनवृंदात सिस्टरांनी घडवलेला, गोड आणि नाजूक. शेवटचा उंच सूर आला की आवाज पातळ व्हायचा आणि ट्रम्पेटवाले तो गिळून टाकायचे.

दिग्दर्शक हॅलोरन म्हणाले, "असुंता, शनिवारी वर ऐकू आलं नाही तर गाणं कापतो. आणि गाणं गेल्यावर तुझ्या पात्राला स्टेजवर काय काम?"

म्हणजे मीच कापली जाणार होते. मी जीव खाऊन ओरडायला लागले. गुरुवारपर्यंत घसा बसला.

नाटकात घरमालकीण व्हायची ती गसी प्लॉटनिक. ट्रम्पेटच काय, अख्खा बँड अंगावर घेऊन गाणारी म्हातारी. तिनं मला विंगेत गाठलं.

"आग लागलीय का कुठे?"

"मोठ्यानं गायला नको?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"गा ना. ओरडतेस कशाला? आज तोंड बंद. चहा पी. उद्या दुपारी ये."

दुसऱ्या दिवशी आवाज बराच सुटला होता. रिकाम्या थिएटरात पियानोवाला अॅबनर पेंगत होता. गसीनं मला स्टेजवर उभं केलं आणि स्वतः धापा टाकत बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

"घर कितव्या मजल्यावर तुमचं?" तिनं वरून विचारलं. साधं विचारलं, तरी स्वच्छ ऐकू आलं.

"पाचव्या. मलबेरी स्ट्रीटला."

"भाऊ आहे?"

"सबातिनो. लहानपणी सदा रस्त्यावर."

"आई त्याला जेवायला कशी बोलवायची?"

मला हसू आलं. आमची मम्मा खिडकीत कोपरं टेकायची, बरगड्या फुगवायची, आणि अख्खी गल्ली मान वर करायची. मी तशीच उभी राहिले.

"सबातिनोओओ!"

बाल्कनीतली खुर्ची खाडकन वाजली. गसी उठून उभी होती.

"अॅबनर, झोपलास का रे? सूर कुठला तो?"

अॅबनरनं एक पट्टी दाबून पाहिली, मग शेजारची. "गाण्यातला शेवटचाच की हा!"

घसा जरासुद्धा दुखला नव्हता.

"बघ," गसी वरूनच म्हणाली, "उंच सुराला जाताना तू चर्चचे कपडे घालतेस. घरच्या कपड्यांत जा. बोलतेस तोच आवाज, तसाच वर न्यायचा. तोंड हसताना असतं तसं रुंद, जीभ खालच्या दातांशी, बरगड्या मिटू द्यायच्या नाहीत. हवा कमीच पुरते. आता सबातिनोच्या जागी गाण्याचे शब्द घाल."

घातले. पहिल्यांदा सिस्टर आठवल्या आणि सूर पुन्हा पातळ झाला. "सिस्टर जेवल्या!" गसी ओरडली. "सबातिनो उपाशी आहे!" मग मात्र तो सूर छातीतून निघाला आणि समोरच्या भिंतीवर आपटून परत माझ्याकडे आला. असं सुख मला गाण्यानं तोवर दिलं नव्हतं.

शनिवारी मी विंगेतून निघाले ती ठामपणेच. शेवटचा सूर लावला आणि धरून ठेवला. वरच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. खेळ संपल्यावर हॅलोरन वादकांकडे वळून म्हणाले, "ट्रम्पेटवाले, पोरीच्या गाण्यात तुम्ही ऐकूच येत नाही. जरा जोर लावा."

गाणं राहिलं. न्यूयॉर्कच्या पहिल्या खेळाला मम्मा नि सबातिनो आले, बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत. एव्हाना सबातिनो गोदीत हमाली करणारा धिप्पाड गडी झाला होता. खेळानंतर मागच्या दाराशी मम्मानं मला जवळ ओढलं.

"ऐकू आलं का गं?" मी विचारलं.

"ऐकू? तू तो शेवटचा सूर लावलास आणि हा घोडा उठून उभाच राहिला. आजूबाजूचे लोक ओरडायला लागले, खाली बस म्हणून."

सबातिनो टोपी कुरवाळत म्हणाला, "मला काय माहीत? वाटलं, जेवण वाढलंय."