तिरकी झिजलेली कांडी

फेस वाटीत करायचा असतो, असं कटरबाईंना वाटायचं. त्यात त्यांची चूक नव्हती. दाढी हा प्रकार त्यांनी पाहिला होता तो जाता-येता, अर्धवट उघड्या दारातून, तेही 'आटपा आता' म्हणण्यापुरता. त्यामुळे नवऱ्याचा, मास्तरांचा, उजवा हात लुळा पडला आणि दाढीचं काम बाईंच्या गळ्यात आलं, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी साबणाची कांडी वाटीत उभी धरली आणि ब्रशने घुसळायला घेतलं. मास्तर नुकतेच दवाखान्यातून घरी आले होते. ओठ एका बाजूला ओघळलेला, जीभ जड. पण जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेला माणूस, दुसऱ्याचं चुकताना गप्प कसा बसणार?

"अंडं फेटतेस का?" ते म्हणाले. "ठेव ती वाटी. चेहरा हीच वाटी."

मग त्यांनी शिकवलं. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल आधी गालांवर, दाढी मऊ होईपर्यंत. मग कांडीचं टोक ओलं करायचं आणि सरळ चेहऱ्यावरच घासायची, गळ्यापासून वर, केसांच्या उलट, म्हणजे केसच साबण खरवडून घेतात. गालावर मेणासारखा थर बसला की ओला ब्रश, पाणी झटकलेला, आणि गोल गोल. आधी काहीच होत नाही, नुसता पातळ चिकटा. धीर सोडायचा नाही. ब्रश एकदा पुन्हा पाण्याला नुसता शिवायचा आणि फिरवत राहायचं. मग एकाएकी फेस वर येतो, दाट, पांढराशुभ्र.

बाईंना ते जमलं, आणि लवकर जमलं. हात मुळातच कसबी होता. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या कापड कापायच्या, म्हणून कटरबाई. परिचारिकांचे, वेटरांचे, वैमानिकांचे गणवेश, थरावर थर टाकून एकदाच कात्री. एक चूक म्हणजे सगळ्या बाह्यांची माती. कापडाचा उभा धागा, आडवा धागा, मखमलीची लव कुठल्या अंगाला झुकते, हे त्यांच्या बोटांना डोळे मिटूनही कळायचं. माणसाच्या गालावरही लव झुकते आणि हनुवटीखाली ती गोंधळते, हे मात्र त्यांना संसाराची एवढी वर्षं झाल्यावर कळलं.

आणि खरं सांगायचं तर, ती सकाळची दाढी बाईंना आवडायला लागली होती. आजारपणात असं काही आवडावं याची त्यांना लाज वाटायची, पण आवडायची. खिडकीशी खुर्ची, मास्तरांची मान मागे, डोळे मिटलेले. एरवी दोघं एकमेकांशी बोलायचे ते किराणा आणि नळाच्या पाण्याबद्दल. इथे बाईंचा तळवा त्यांच्या गालावर असायचा आणि कुणालाही कसली घाई नसायची. शेवटी मास्तर मान वळवून गाल पुढे करायचे आणि विचारायचे, "पास?" निकाल मात्र संध्याकाळी लागायचा; तेव्हा बाई त्याच गालावरून उलटा हात सहज फिरवायच्या, कापड तपासतात तसा. गुळगुळीत. हनुवटीखालचा तो अवघड कोपरासुद्धा. "पास," त्या म्हणायच्या आणि मनातल्या मनात फुगायच्या. सकाळी तो कोपरा त्यांना जरा खरखरीत लागायचा, पण संध्याकाळी कसा कोण जाणे, साफ असायचा. साबण चांगला, दाढी मऊ पडत असेल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

बाईंनी नोकरी सोडली होती. सोडली म्हणजे कारखान्याच्या मालकीणबाईंनी सुटू दिली नव्हती. बाईंची मोठी कात्री त्यांनी स्वतःच्या खणात ठेवली होती आणि कापायच्या टेबलावर दुसऱ्या कुणाला कायमचं बसवलं नव्हतं. मागे एकदा त्यांनी बोलावलं तेव्हा बाईंनी घरी विषय काढला. मास्तर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले होते, "जा की. माझं काय, या कुंडीशेजारी ठेव आणि जा. संध्याकाळी तिला पाणी घालशील तेव्हा माझ्याकडेही बघ." बाईंनी 'नाही' कळवलं. आता पुन्हा विचारणा आली होती, आणि ही शेवटची. नवं मोठं काम आलं होतं, टेबल रिकामं ठेवणं मालकीणबाईंना परवडत नव्हतं. आज दुपारपर्यंत हो की नाही. बाई रात्रभर कुशीवर कुशी बदलत होत्या आणि सकाळी 'नाही' हा शब्द तोंडात धरूनच उठल्या होत्या.

मास्तरांच्या हाताचा व्यायाम घ्यायला येणारी मुलगी आली. ती आणि मास्तर आतल्या खोलीत गेले आणि दार लागलं. कुणी बघत असलं की हात आखडतो, असं मास्तरांचं म्हणणं होतं. तेवढ्यात दाढीचं सामान मांडून ठेवावं म्हणून बाई न्हाणीघरात गेल्या. कपातली कांडी उचलली आणि तिथेच थांबल्या.

कांडीचं टोक तिरकं झिजलं होतं.

बाईंच्या हातून कांडी तिरकी झिजत नाही. शिंप्याचा खडू जसा त्या बोटांत फिरवत फिरवत वापरायच्या, म्हणजे त्याची धार सगळीकडून सारखी राहते, तशीच कांडीही. त्यांच्या हातची कांडी सपाट झिजायची. तिरकी झिजायची ती मास्तरांची. पेन्सिलीसुद्धा त्यांच्या तशाच झिजायच्या, एका अंगाने छाया भरून भरून. लग्न झालं त्या वर्षी बाई हसल्या होत्या की अहो, तुमचा साबणही चित्र काढतो का. तो उतार त्या कुठेही ओळखू शकल्या असत्या. उजव्या हाताचा उतार होता तो.

आधी त्यांना आनंदच झाला. वेडा, भाबडा आनंद. त्या हाक मारणारच होत्या. मग बोट त्या उतारावरून फिरलं आणि त्यांच्या लक्षात आलं की इतका सफाईदार उतार एका दिवसात बऱ्या झालेल्या हाताचा नाही. आणि मग हनुवटीखालचा तो कोपरा आठवला, संध्याकाळी आपोआप साफ होणारा.

बाईंनी कांडी कपात परत ठेवली. व्यायाम संपल्यावर त्या मुलीला सोडायला जिन्यापर्यंत गेल्या आणि अंधारात दगड मारावा तसं म्हणाल्या, "हात छान चालायला लागला की त्यांचा."

मुलीचा चेहरा खुलला. "सांगितलं काकांनी? सुटले बाई! काकू, मला पोटात ठेवणं इतकं जड जात होतं! म्हटलं, योग्य दिवस बघून चकित करणार म्हणताहेत, तर आपण मधे कशाला पडा?"

"किती दिवस झाले गं?"

"उन्हाळ्यातच बटणं लावायला लागले की स्वतःची. आता तर माझ्यापेक्षा ताकद आहे." ती हसत हसत जिना उतरून गेली. तिच्या अंगात लोकरीचा कोट होता, गळ्यापर्यंत बंद.

उन्हाळा. बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. म्हणजे मालकीणबाईंनी पहिल्यांदा विचारलं, त्याच्या कितीतरी आधी. कुंडीशेजारी ठेव म्हणाले, तेव्हा हा हात शाबूत होता. रोज सकाळी सदऱ्याची बटणं आपण लावत होतो, घास मोडून देत होतो, आणि हा माणूस मान वर करून लावून घेत होता. लोक केसाने गळा कापतात म्हणतात; यांनी तर आपल्याच हातात वस्तरा देऊन कापला. बाईंना रडू आलं नाही. भयंकर राग आला, आणि रागाच्या खाली त्याहून वाईट काहीतरी, ज्याला त्यांनी त्या वेळी हात लावला नाही.

त्या आत आल्या. मास्तर खिडकीशी बसले होते, उजवा हात मांडीवर, बोटं नेहमीसारखी आत वळवून. छान वळवली होती. चित्रकलेचा माणूस, मृत हात कसा दिसतो हे त्याला ठाऊक असणारच.

"हात कसा आहे आज?" बाईंनी विचारलं. ही एक संधी होती. ती त्यांनी मनापासून दिली. मनात त्या म्हणत होत्या, सांगा हो, आत्ता सांगा, मी विसरून जाईन.

मास्तरांनी उसासा टाकला. "आहे तसाच. ती पोरगी म्हणते धीर धरा. धरायचा आपला."

बाईंनी टॉवेल पिळला. गालांवर ठेवला, दाबला, काढला. कांडी ओली केली आणि घासायला लागल्या, गळ्यापासून वर, केसांच्या उलट, रोजच्यासारखी. फक्त कांडी आज त्यांनी तिरकी धरली होती, त्या उतारावर. मास्तरांचे डोळे मिटलेले होते, त्यांना कळलं नाही. मग ब्रश. इतका फेस बाईंनी कधी काढला नव्हता. कानापासून कानापर्यंत, दाट, पांढरा. मग त्यांनी रेझर घेतला आणि मास्तरांच्या उजव्या हाताशी स्टुलावर ठेवला. शेजारी पाण्याचा मग. आणि समोरच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसल्या.

रेझर गालाला लागेना. मास्तरांनी एक डोळा उघडला.

"काय गं? विसरलीस काय?"

बाईंनी स्टुलावरच्या रेझरकडे बोट केलं.

"अगं, सुकतंय." ते हसले. फेसातून हसू विचित्र दिसत होतं. "थट्टा पुरे. हे बघ, ओढायला लागलं."

चेहऱ्यावर काढलेला फेस वाटीतल्यासारखा वाट बघत नाही. कडांपासून तो सुकतो, बारीक बारीक तडे जातात, कातडी ताणते आणि खाज सुटते. मास्तरांनी डाव्या हाताने एकदा गाल पुसायचा प्रयत्न केला, तो नीट झाला नाही. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी कांडी उचलली आणि तिचं टोक त्यांच्यासमोर धरलं.

मास्तरांनी ते टोक पाहिलं. बघता बघता त्यांच्या मांडीवरची बोटं सरळ झाली.

"माझी जुनी कांडी होती एक, पुस्तकांमागे," ते अगदी हळू म्हणाले. "ती संपली."

आणि उजवा हात उठला. मगात बुडाला, गाल पुन्हा ओला केला, रेझर उचलला. बाई बघत राहिल्या. काय सुंदर हात चालत होता! कानशिलापासून एक लांब ओढ, मग दुसरी तिच्या कडेला कडा लावून, हनुवटीखाली लव गोंधळते तिथे कातडी ताणून, दिशा बदलून, हलकेच. बाईंना तो कोपरा इतक्या महिन्यांत एकदाही जमला नव्हता. त्या रोज राहू देत होत्या आणि त्यांची पाठ वळली की मास्तर तो रोज पुरा करत होते. ज्या गालावर उलटा हात फिरवून त्या फुगत होत्या, ती दाढी त्यांची नव्हतीच.

"मी सांगणारच होतो," मास्तर म्हणाले. चेहरा आता उघडा होता आणि एकदम म्हातारा. "रोज ठरवायचो. पण तू सकाळी अशी समोर उभी राहायचीस. इतका वेळ तू माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतंस गं. हात बरा झाला म्हणालो असतो, तर तू आपली कात्री घेऊन गेली असतीस."

"गेले असते," बाई म्हणाल्या. "आणि सकाळी तुमची दाढी करून गेले असते. नुसतं मागायचं होतंत." त्यांनी पर्स खांद्याला लावली. "मलाही आवडायची हो ती. तुम्हाला काय वाटलं, तुम्हाला एकट्यालाच? आता त्यातली एकही सकाळ माझी म्हणता येत नाही मला. सगळं नाटक झालं ते. निम्म्या नाटकात मी होते आणि मला माहीत नव्हतं."

सवयीने मास्तरांनी मान वळवून गाल पुढे केला. 'पास' हा शब्द मात्र ओठांवर येऊनच राहिला. बाईंनी उलटा हात उचलला, गालाजवळ नेला आणि तसाच मागे घेतला. सदऱ्याची बटणं उघडीच होती. ती तशीच सोडून त्या जिना उतरल्या.

कारखान्यात यंत्रांचा तोच खडखडाट होता. त्यांच्या टेबलावर चादर टाकलेली होती. मालकीणबाई लगबगीने पुढे आल्या आणि बाईंचा चेहरा बघून त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे नाहीच ना?"

"येते मी," बाई म्हणाल्या. "यांचा हात बरा झाला."

मालकीणबाईंनी त्यांना मिठीच मारली. "अगं बाई! काय सांगताय!" त्यांनी हाक दिली, तशी शिलाईच्या रांगेतल्या बायका उठल्या, यंत्रं एकेक करत थांबली. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी हात हातात घेतला. "किती केलंत हो त्यांचं! तुमच्या हाताला यश आलं." एक जण म्हणाली, "नशीबवान आहेत मास्तर." सगळ्या हसत होत्या. बाईही हसल्या, आणि हसता हसता इतका वेळ न आलेलं रडू आलं, आवरता आवरेना.

"रडा, रडा," मालकीणबाई त्यांचे डोळे पुसत म्हणाल्या. "आनंदाचं रडू आहे, मोकळं होऊ द्या." आणि खणातून काढलेली मोठी कात्री त्यांनी बाईंच्या हातात दिली. हाताला अजून साबणाचा वास येत होता.